वगळलेले सात

आज छापून आला.
अकरा पानं, चार तक्ते, तिसरं नाव माझं:
एन. ई. रणभिसे, परिचारिका, एंडोस्कोपी विभाग, सूर.
ओमानच्या टोकाचं हे गाव. त्याचं नाव फोनवर सांगितलं
तेव्हा मिरजेहून आई म्हणाली,
प्रार्थनेत तुला कधी लागला नाही,
निदान राहायला तरी मिळाला.

लेखात मी कुठेच नाही.
'रुग्णांना द्रावण देण्यात आले.'
'सूचना मातृभाषेत देण्यात आल्या.'
'आतड्याची स्वच्छता शून्य ते नऊ अशी मोजण्यात आली.'
जणू दोन लिटर खारट पाणी
आपल्या पायांनी चालत गेलं घरोघर,
जणू रमजानात, इफ्तार उरकल्यावर,
फोन आपले आपण वाजले
पंच्याहत्तर उशांशेजारी.

फोन मी केले.
मोडकी अरबी, त्याहून मोडकी बंगाली,
मल्याळम सिस्टर लिजीकडून उसनी.
कागदावर होतं तेच बोलले:
एक पेला, पंधरा मिनिटं, मग दुसरा.
बिया नकोत, डाळ नको, लाल सरबत नको.
फक्त मधेमधे श्वास घ्यायला थांबायचे
आणि थांबले की पलीकडचं माणूस बोलू लागायचं.

तोफज्जल, सेंटरिंगवाला, म्हणाला,
दीदी, खोलीत अकरा जण, संडास एक.
हे कुठल्याच कागदाला विचारता आलं नसतं.
म्हटलं, ये, इथेच पी, वॉर्डात.
रात्रभर कॉरिडॉरमध्ये त्याच्या चपला वाजत राहिल्या
आणि दर वेळी परतताना तो ओशाळं हसला.
उम्म ज़ाहिर नुसती विचारत होती,
आत बाईच असेल ना?
असेन, म्हटलं. मी असेन.

कागदवाल्यांची सरासरी सहा पूर्णांक एक.
फोनवाल्यांची सात पूर्णांक आठ.
परीक्षकाने विचारलं:
आवाजामुळे नेमके काय घडते, यंत्रणा स्पष्ट करावी.
डॉक्टर हैथम म्हणाले, लिही,
अधिक संशोधनाची गरज आहे.
लिहिलं.

आणि तिसऱ्या पानावर, तळाशी, बारीक टायपात:
'सात रुग्ण वगळण्यात आले.'
दोघांचे व्हिसा संपले. एकीला दिवस गेले होते.
तिघांचे नंबर बदलले, किंवा माणसंच.
सातवा जुमा बिन सुवैद, मासेमार, वय एकसष्ट,
लोह कमी, वजन उतरलेलं, लेखी संमती अंगठ्याची.
त्याने दोन्ही लिटर पाणी प्यायलं. मला माहीत आहे,
प्रत्येक पेल्याला त्याने फोनवर शिवी दिली.
सकाळी खाट रिकामी.
तिसऱ्या दिवशी दारात उभा, हातात पिशवी,
पिशवीत हातभर सुरमई.
रात्री मासा लागला, सिस्टर. समुद्र काय थांबतो?
तपासणी पोटाची होती
आणि तो पोटासाठीच गेला होता.
यावर काय बोलणार? मीही काही
हवा पालटायला नाही आले इथे.

सुरमई घेता येत नाही, नियम आहे.
घेतली.
लिजीने चिंच घालून केली.

नवी तारीख दिली, आला नाही. आणखी एक दिली.
अभ्यास बंद झाला, फाइल शिक्का मारून वर गेली,
तक्त्यात आता कुणीही कमी नाही.
तरी गुरुवारी, ड्यूटी संपली की,
आयजाचा दिवा खाडीपलीकडे फिरू लागतो तेव्हा
मी तो नंबर लावते.
बहुतेकदा नुसती रिंग.
परवा उचलला. इंजिनाची धडधड, वारा,
कुणीतरी दोर ओढताना ओरडलं,
आणि मग त्याचा आवाज, अगदी जवळ:
हां, सिस्टर.
ते काय काय खायचं नाही म्हणाली होतीस?
पुन्हा सांग.

मी बिया म्हटलं.
आणि थांबले.